अधिकारपत्र नेमकं कुणासाठी लिहितात? वकील, मुखत्यार आणि रंगो बापूजींची लंडनमधली वर्षं

‘मी, खाली सही करणार अमुक, राहणार अमुक ठिकाणी, याद्वारे श्री. तमुक यांना माझ्या वतीने माझी कागदपत्रे स्वीकारण्याचा अधिकार देत आहे.’

हे वाक्य तुम्ही कधी ना कधी लिहिलं असणार. पार्सल आणायला, चेकबुक घ्यायला, सोसायटीच्या मीटिंगला आपल्या जागी कुणाला बसवायला. आपण ते घाईघाईत लिहितो, खाली सही ठोकतो आणि विसरून जातो. मी पण तेच करायचे.

मग एकदा परदेशात शिकणाऱ्या मैत्रिणीचं पदवी प्रमाणपत्र आणायला गेले. तिने पत्र लिहून त्याचा फोटो पाठवला होता, मी प्रिंट काढली. खिडकीतल्या बाईंनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “ही सही तिचीच कशावरून?” मी म्हटलं, व्हिडिओ कॉल लावते, तिच्याशीच बोला. त्या म्हणाल्या, “मला बोलायचं नाहीये, मला कागद हवाय.” परत आले. पुढच्या आठवड्यात तेच पत्र, सोबत मैत्रिणीच्या सहीचं ओळखपत्र, माझं ओळखपत्र, आणि पत्रातच माझी नमुना सही. दोन मिनिटांत काम झालं.

मैत्रिणीची इच्छा दोन्ही वेळा तीच होती, मी पण तीच होते. बदललं काय? खिडकीच्या पलीकडच्या माणसाची खात्री पटली, एवढंच.

मी एम.एस्सी. केलं रसायनशास्त्रात आणि पीएच.डी. करतेय एकोणिसाव्या शतकातल्या अर्ज-विनंत्यांवर, त्यामुळे घरात अजूनही “तू नक्की करतेस काय?” हा प्रश्न असतोच. तर हेच करते. दूर बसलेल्या सत्तेपर्यंत आपलं म्हणणं दुसऱ्याकरवी पोचवायची वेळ आली की लोक काय लिहायचे, आणि ते कधी चालायचं, कधी नाही, हे बघते. प्रयोगशाळेतली एक सवय मात्र सुटलेली नाही. बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि निकाल बघायचा. आज तसंच करून बघू.

आधी शब्द

या व्यवहारात माणसं तीन असतात. अधिकार देणारा, अधिकार घेणारा आणि ज्याच्यासमोर तो कागद ठेवायचा तो. सोयीसाठी त्यांना देणारा, घेणारा आणि वाचणारा म्हणू.

मराठीत या व्यवहाराचे बरेचसे शब्द अरबी-फारसीतून आले. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. काळा कोट नंतर आला. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीने बसणारा माणूस. दिल्लीत पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती, निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. मुखत्यार म्हणजे निवडलेला, आणि ‘हे माझ्या अखत्यारीत येत नाही’ मधला अखत्यार त्याच धातूतला. म्हणजे निवडण्याचा हक्क.

आणि कुलमुखत्यारपत्र! यातला ‘कुल’ कुळातला, घराण्यातला, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. तसं नाही. अरबी ‘कुल्ल’ म्हणजे सगळं. कुलमुखत्यार म्हणजे सगळ्याच बाबतीत तुमच्या वतीने निवड करू शकणारा माणूस. आईवडिलांकडून सही घेताना ‘घरातल्या घरात आहे’ म्हणून हा शब्द वाचून सोडून देणाऱ्यांनी हा अर्थ जरा लक्षात ठेवावा.

पहिली गोष्ट: एकच बादशहा, दोन कागद

१२ ऑगस्ट १७६५ रोजी मुघल बादशहा शाह आलम दुसरा याने ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी दिली. म्हणजे त्या प्रांतांचा महसूल बादशहाच्या नावाने गोळा करण्याचा अधिकार. बदल्यात कंपनीने वर्षाला २६ लाख रुपये बादशहाला द्यायचे होते. बादशहाकडे तेव्हा ना फौज होती ना दिल्ली. तरी कंपनीला हा कागद हवा होता, कारण बंगालमधले जमीनदार आणि शेजारची राज्यं बादशहाची मोहर ओळखत होती. देणारा दुबळा होता, पण वाचणारे कागद मानत होते. कागद चालला.

वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, १७७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, कंपनीने ते २६ लाख द्यायचं बंद केलं. दिवाणी मात्र परत केली नाही.

आता दुसरा कागद. १७८४ च्या अखेरीस याच शाह आलमने पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’ नेमलं आणि महादजी शिंद्यांना त्यांचे नायब. मुतलक म्हणजे बिनशर्त, अमर्याद. साम्राज्याच्या सगळ्या कारभारात बादशहाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार. हिंदुस्थानच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं कुलमुखत्यारपत्र म्हणावं असा हा कागद, आणि घेणारे मराठे.

१७८५ मध्ये या नव्या व्यवस्थेतून बादशहाच्या नावाने कंपनीकडे बंगालच्या थकलेल्या रकमेची मागणी गेली. तेव्हा हंगामी गव्हर्नर-जनरल होते जॉन मॅक्फर्सन. त्यांनी ती साफ नाकारली, वर मागणी मागे घ्यायला लावली.

बघा, देणारा तोच बादशहा, मोहर तीच. पहिल्या कागदात कंपनी घेणारी होती, तेव्हा बादशहाचा अधिकार तिला मान्य. दुसऱ्या कागदात कंपनी वाचणारी झाली, तेव्हा तोच अधिकार अमान्य. कागद खरा की खोटा हा प्रश्नच आला नाही. वाचणाऱ्याला तो मानायची गरज नव्हती आणि मानायला लावेल असं वर कुणी नव्हतं.

महादजींना याची कल्पना नसेल असं मला वाटत नाही. तरीही १७९२ मध्ये ते पुण्याला आले आणि सवाई माधवरावांना वकील-इ-मुतलकीची वस्त्रं समारंभपूर्वक दिली. कंपनी मानो न मानो, उत्तरेत हा कागद वाचणारे दुसरे खूप होते.

दुसरी गोष्ट: साताऱ्याचे वकील

आता वाचणारा तोच ठेवू, म्हणजे कंपनी. देणारा आणि घेणारा बदलू.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना राज्य दिलं. त्या तहाच्या पाचव्या कलमात अट होती की महाराजांनी बाहेरच्या सत्तांशी, सरदारांशी परस्पर संबंध ठेवायचा नाही. वाचताना हे कलम साधं वाटतं. पण त्याचा अर्थ असा की महाराजांचा वकील कुठे जाणार आणि कुणाला भेटणार, हे कंपनी ठरवणार.

पुढे याच कलमाचा भंग केल्याचा आरोप आला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधलं, पलटणीतल्या शिपायांना फितवलं, असे ते आरोप. १८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक साताऱ्याला आले. चूक झाल्याचं मान्य करणाऱ्या कागदावर सही करा, राज्य राहील, असा त्यांचा प्रस्ताव होता. प्रतापसिंहांनी सही केली नाही. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून त्यांचे भाऊ शहाजी यांना गादीवर बसवलं आणि प्रतापसिंहांना काशीला पाठवलं.

एका सहीवर राज्य गेलं. पण ती सही म्हणजे कबुली ठरली असती, आणि कबुलीनंतर दाद मागायला जागाच उरली नसती. मग काशीत नजरकैदेत असलेल्या माणसाने काय करायचं? स्वतः लंडनला जाणं शक्य नव्हतं. आपल्या वतीने कुणाला तरी पाठवायचं.

ते काम केलं रंगो बापूजी गुप्ते यांनी. १८४० मध्ये ते लंडनला पोचले आणि १८५३ पर्यंत तिथेच होते. तेरा वर्षं! मी माझ्या फेलोशिपचं वर्ष वाढवून मिळावं म्हणून दोन अर्ज केले तर वैतागले होते.

लंडनमध्ये अडचण पहिल्याच पायरीवर आली. कंपनीच्या संचालकांची भूमिका अशी, की महाराजांना काही म्हणायचं असेल तर ते मुंबई सरकारमार्फत यावं, थेट आलेल्या वकिलांना आम्ही मान्यता देत नाही. तक्रार होती मुंबई सरकारविरुद्ध, आणि ती पाठवायची मुंबई सरकारमार्फत. खिडकीतल्या बाईंनी मला “मैत्रिणीलाच इथे पाठवा” म्हटलं असतं तर जसं झालं असतं तसंच, पण इथे पणाला एक राज्य लागलं होतं.

रंगो बापूजींनी मग दुसरी वाट धरली. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत कुणीही भागधारक विषय मांडू शकत असे. त्या सभेत आणि बाहेर साताऱ्याची बाजू मांडणारे लोक त्यांनी मिळवले. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीमुळे गाजलेले वक्ते जॉर्ज थॉम्सन, पार्लमेंटचे सदस्य जोसेफ ह्यूम यांच्यासारखे लोक साताऱ्यासाठी बोलले. चर्चा झाल्या, कागद छापले गेले, पण ठराव पडत राहिले.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीत वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्यात शहाजीही वारले. त्यांनी घेतलेलं दत्तक लॉर्ड डलहौसीने मानलं नाही आणि सातारा खालसा झालं.

इथे थांबून जरा रंगो बापूजींच्या जागी उभे राहा. ज्याने अधिकार दिला तो माणूस नाही. ज्या राज्यासाठी भांडायचं ते राज्यही नाही. परदेश, कर्ज, थंडी. तरी ते पुढची पाच वर्षं लंडनमध्ये राहिले आणि मागे राहिलेल्या कुटुंबाच्या बाजूने भांडत राहिले. १८५३ च्या अखेरीस हात हलवत निघाले. १८५७ मध्ये साताऱ्यातल्या उठावाच्या कटात त्यांचं नाव आलं, त्यांचा मुलगा सीताराम फाशी गेला आणि रंगो बापूजी स्वतः निसटले ते कंपनीच्या हाती कधी लागलेच नाहीत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर आणि प्रतापसिंहांवर मोठं पुस्तक लिहिलं आहे, जरूर वाचा.

तुलनेसाठी: राममोहन रॉय

आता तुम्ही म्हणाल, कंपनी कुणालाच दाद देत नव्हती, त्यात नवल काय? म्हणून एक तुलना हवी.

रंगो बापूजींच्या नऊ वर्षं आधी, १८३१ मध्ये, राममोहन रॉय इंग्लंडला पोचले. त्यांना पाठवलं होतं दिल्लीचा बादशहा अकबर दुसरा याने. काम होतं बादशहाचा तनखा वाढवून घेणं. बादशहाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला होता, तो कंपनीने मान्य केला नाही. म्हणजे मान्यतेच्या बाबतीत सुरुवात रंगो बापूजींसारखीच. पण तनखा वर्षाला ३०,००० पौंडांनी वाढला.

वाचणारा तोच, मान्यता दोघांनाही नीट नाही, तरी निकाल वेगळा. का? माझं मत असं. राममोहन रॉय इंग्लंडमध्ये आधीच नाव असलेले होते, हा एक भाग. त्याहून मोठा भाग मागणीचा. तनखा वाढवून देताना कंपनीला आपलं काही चुकलं असं म्हणावं लागत नव्हतं. साताऱ्याची मागणी मान्य करायची तर मुंबईचा गव्हर्नर चुकला, चौकशी चुकली, हे कबूल करावं लागलं असतं. वाचणारा आणि आरोपी एकच असला की कितीही पक्कं अधिकारपत्र अपुरं पडतं. माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचं सार एवढंच आहे, बाकी सगळ्या तळटीपा.

मग कायदा आला

१८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम १८२ पासून पुढे या नात्याचे नियम आहेत. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा सातारा डोक्यात होतं, म्हणून काही कलमं वेगळीच दिसली.

कलम १९०: घेणाऱ्याने स्वतः करायला घेतलेलं काम, धंद्याचा रिवाज किंवा कामाचं स्वरूप तसं नसेल तर, तिसऱ्यावर ढकलायचं नाही. म्हणजे वकिलाने परस्पर नायब नेमायचा नाही. (महादजींची नेमणूक खुद्द बादशहाकडूनच होती, त्यामुळे ती या नियमातही बसली असती.)

कलम २०१: देणाऱ्याने अधिकार काढून घेतला, घेणाऱ्याने सोडला, काम संपलं, दोघांपैकी कुणी वारलं किंवा कुणाचं मानसिक भान गेलं, की अधिकार संपतो.

कलम २०८: अधिकार संपला तरी वाचणाऱ्याच्या बाबतीत तो तेव्हाच संपतो, जेव्हा वाचणाऱ्याला ते कळतं. तुम्ही भाच्याला दिलेला अधिकार मनातल्या मनात काढून घेतलात आणि दुकानदाराला सांगितलं नाहीत, तर भाच्याने केलेली उधारी तुमच्या गळ्यात पडू शकते. म्हणजे वाचणाऱ्याचं वजन कायद्यानेही मान्य केलंय.

आणि कलम २०९. देणारा वारला किंवा त्याचं भान गेलं, तर घेणाऱ्याने हात झटकून निघून जायचं नाही. मागे राहिलेल्यांच्या वतीने, सोपवलेल्या गोष्टींचं रक्षण करण्यासाठी जे वाजवी असेल ते त्याने करायचं. हे मी लायब्ररीत वाचलं आणि थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. १८४७ नंतर रंगो बापूजींनी केलं ते हेच. कायदा पंचवीस वर्षांनी लिहिला गेला.

१८८२ मध्ये मुखत्यारपत्रांचा वेगळा छोटासा कायदा झाला. त्यातलं कलम ५ विवाहित स्त्रीसाठी आहे, तिलाही आपला मुखत्यार नेमता येतो. हे वेगळं सांगावं का लागलं? कारण तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात लग्नानंतर स्त्रीचं स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळलेलं असायचं. जिच्याकडे स्वतःचाच अधिकार नाही ती दुसऱ्याला काय देणार?

पुढे याच कागदाचा उलटा वापरही झाला. जमीन-फ्लॅट विकताना खरेदीखत न करता नुसतं कुलमुखत्यारपत्र लिहून द्यायचं, मुद्रांक शुल्क वाचवायचं. ११ ऑक्टोबर २०११ रोजी सुरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही. मुखत्यार दुसऱ्याच्या वतीने वागतो, तो मालक होत नाही. घरच्या माणसाला कारभारासाठी दिलेली खरीखुरी मुखत्यारपत्रं मात्र चालतात, हेही तिथेच स्पष्ट केलंय.

म्हणून पत्र लिहिताना

आता इतिहासातून खिडकीपाशी येऊ. पत्र लिहायला बसलात की देणारा आणि घेणारा दोघंही विसरा. ज्याने तुम्हाला दोघांनाही कधी पाहिलेलं नाही त्या माणसासाठी लिहा. त्याला चार प्रश्न पडतात. देणारा कोण, आणि ही सही त्याचीच कशावरून? समोर उभा आहे तो पत्रातलाच माणूस कशावरून? नक्की कुठल्या कामाचा अधिकार? आणि तो अजून चालू आहे का?

म्हणून दोघांची पूर्ण नावं आणि ओळखपत्रांच्या सहीसह प्रती. घेणाऱ्याची नमुना सही पत्रातच, आणि ती देणाऱ्याने साक्षांकित केलेली. काम एका वाक्यात, नेमकं. ‘सर्व कामे’ असं मोघम नको, नाहीतर तुम्ही नकळत ‘मुतलक’ देऊन बसाल. तारीख, आणि कधीपर्यंत ती मुदत. काम झालं की वाचणाऱ्याला कळवून पत्र रद्द.

जमीन, घर, कोर्ट, असलं काही असेल तर साधं पत्र पुरत नाही. तिथे मुद्रांकावरचं मुखत्यारपत्र, नोटरी किंवा दुय्यम निबंधक लागतात, आणि ते वकिलाला विचारूनच करा. परदेशातून पाठवत असाल तर तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीपुढे सही करायची आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यायचा.

शेवटची एक गोष्ट. माझ्या आजीने बँकेच्या कामासाठी काकाला अधिकार दिला होता. दोन वर्षांनी तिला विसरायला व्हायला लागलं, मग काकाचं नावही आठवेना. आणि कलम २०१ प्रमाणे तो कागद नेमका तेव्हाच निरुपयोगी झाला. जोवर आजी स्वतः बँकेत जाऊ शकत होती तोवर तो चालत होता, जाऊ शकेना तेव्हा संपला. ब्रिटनने १९८५ मध्ये यासाठी कायदा केला, देणाऱ्याचं भान गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र तिथे करता येतं. आपल्या १८७२ च्या कायद्यात तशी सोय नाही, लोकांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं.

काका शेवटपर्यंत आजीची औषधं, बिलं, कागद सांभाळत राहिला, बरंचसं स्वतःच्या खिशातून. त्याला मी कलम २०९ वाचून दाखवलं. तो म्हणाला, “हे कायद्यात लिहावं लागतं होय?”

तुमच्या घरी म्हातारी माणसं असतील तर या विषयावर आत्ताच बोला, ती बोलू शकतायत तोवर.